दोन मस्टरांचा कारखाना

बायरचा, म्हणजे माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचा, ईमेल येतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांत कधीतरी सोशल ऑडिट (कामगारांचे तास, पगार आणि सुरक्षा यांची तपासणी) होईल, नेमका दिवस कळवला जाणार नाही, सोबतच्या यादीतली कागदपत्रं तयार ठेवा. तेव्हापासून कारखान्यात जी धावपळ सुरू होते, तिचे दोन भाग असतात. एक सगळ्यांना दिसतो. जिन्यातले खोके हलतात, मशीनांमधल्या वाटांना पिवळे पट्टे मारले जातात, फायर एक्स्टिंग्विशरवर तपासणीची नवी चिठ्ठी चढते, प्रथमोपचार पेटीतली मुदत संपलेली औषधं फेकली जातात, मास्क आणि कानात घालायचे बोळे वाटले जातात. दुसरा भाग टाइम ऑफिसचं दार लोटून चालतो. तिथे गेल्या वर्षभराचं मस्टर, म्हणजे हजेरीची आणि तासांची वही, पुन्हा लिहिलं जातं.

पहिल्या भागाची चेष्टा करायची फॅशन आहे. ‘ऑडिटपुरती रंगरंगोटी’ म्हणून लोक हसतात. मला ते पटत नाही. जिन्यातला खोका ऑडिटच्या भीतीने हलला काय आणि अंतःकरणापासून हलला काय, आग लागली त्या दिवशी माणसाला वाट मिळते की नाही एवढंच खरं. वर्षातून दोनदा का होईना, पण आपत्कालीन दारांची कुलपं निघतात, अर्थिंग तपासलं जातं, पिण्याच्या पाण्याची चाचणी होते. अनेक ठिकाणी या गोष्टी पहिल्यांदा घडल्या त्या बायरच्या दट्ट्यामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार दुसऱ्या भागाबद्दल आहे. आणि तिचा रोख फक्त कारखानदाराकडे नाही. खोट्या मस्टरवर सही कारखान्याची असते, पण ते लिहून घेणारा हात बऱ्याच वेळा बायरचा असतो.

आधी ऑडिट चालतं कसं ते पाहू, कारण बाहेरच्याला वाटतं की ऑडिटर येतो, चहा घेतो, अहवाल लिहितो आणि जातो. असेही असतात. पण नेमाने काम करणाऱ्याचा दिवस भरगच्च असतो. सकाळी सुरुवातीची बैठक, मग शॉप फ्लोअरवर फेरी, मग कागदपत्रं, मग कामगारांच्या मुलाखती, शेवटी समारोपाची बैठक आणि सुधारणांचा आराखडा. सगळ्यात जास्त चालणाऱ्या पद्धतींपैकी एक म्हणजे सेडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘स्मेटा’. तिच्या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या तक्त्याप्रमाणे ५०१ ते १,००० कामगारांच्या कारखान्यात एका ऑडिटरचे तीन दिवस लागतात आणि ४२ कामगारांशी बोलायचं असतं, काहींशी एकेकट्याने, बाकीच्यांशी गटात. पगार आणि तासांचे कागद गेल्या बारा महिन्यांतल्या तीन महिन्यांचे काढले जातात: एक अगदी गर्दीचा महिना, एक मंदीचा आणि एक अलीकडचा. बायरला तासांबद्दल काय हवं असतं, तेही ठरलेलं आहे. आठवड्याला ४८ तास नेहमीचे, १२ तासांपर्यंत ओव्हरटाइम, मिळून ६०. सहा दिवसांनी एक सुट्टी. ओव्हरटाइम मर्जीचा आणि जादा दराने. कारखान्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या एसए ८००० मानकात हेच, ब्रिटनच्या एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या मंचाच्या बेस कोडमध्ये, म्हणजे आचारसंहितेतही थोडेफार अपवाद सोडले तर हेच.

आता गर्दीच्या महिन्यात ६० तासांत काम उरकलं नसेल तर? मग दोन मस्टरं होतात. एक पगार काढायला, एक दाखवायला. दाखवायच्या मस्टरमध्ये सगळे कामगार सकाळी आठला एक-दोन मिनिटं कमी असताना येतात आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास जातात. रविवार कोरे असतात. पूर्वी हे काम दोन कारकून रात्र-रात्र बसून करत. आता ते सॉफ्टवेअर करतं, आणि मिनिटं पुढेमागे करण्याइतकं ते हुशार असतं, म्हणजे आकडे अगदीच छापाचे दिसू नयेत.

पण कारखाना ही इतकी मोठी आणि इतक्या हातांनी चालणारी जागा आहे की तिला एकमुखाने खोटं बोलता येत नाही. कपड्याच्या कारखान्यात तुटलेल्या सुयांचं रजिस्टर असतं. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, शेजारी तारीख, वेळ, मशीन नंबर आणि ऑपरेटरची सही, तेव्हाच नवी सुई मिळते. तुकडा कपड्यात राहून कुणाच्या अंगात घुसू नये म्हणून ही वही बायरनेच मागितलेली असते. ही वही सांभाळणाऱ्या मुलीला टाइम ऑफिसमध्ये काय चाललंय याचा पत्ता नसतो. ती आपलं काम चोख करते. मस्टर म्हणतं रविवारी सुट्टी होती. सुयांची वही म्हणते त्याच रविवारी रात्री सव्वानऊ वाजता चौथ्या लाइनवर सुई तुटली. सुरक्षारक्षकाचं गेट रजिस्टर, जनरेटरचा डिझेल लॉग, क्वालिटीवाल्यांचे तासागणिक तक्ते, प्रथमोपचाराची नोंदवही, सगळ्यांची तीच कथा. अनुभवी ऑडिटर मस्टरकडे शेवटी वळतो. आधी या वह्या मागतो.

मुलाखतींतही तसंच. ऑडिटच्या आधी कामगारांना पढवलं जातं, हे उघड गुपित आहे. सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत लाइन उभी करतो आणि विचारतो, ‘किती तास काम?’ ‘आठ तास.’ ‘रविवारी?’ ‘सुट्टी.’ ‘ओटी?’ ‘मर्जीने, डबल रेटने.’ बेचाळीस जणांनी एकाच चालीत हे म्हटलं की ऑडिटरला निकाल कळतोच. तो ‘किती तास काम करता’ हे विचारतच नाही. गेल्या रविवारी घरी कोण कोण होतं, शेवटची सुट्टी कधी घेतली, मुलं झोपायच्या आधी पोचता का, मागच्या सणाला गावी गेला होतात का, असं बोलत जातो. माणूस पढवलेलं उत्तर विसरतो आणि आपल्या आयुष्याबद्दल बोलू लागतो. बाई मशीनवर असेल आणि समोरचा ऑडिटर पुरुष असेल तर मात्र हे सगळं अडतं. शौचालयाला जायला टोकन लागतं का, सुपरवायझर कसा बोलतो, गरोदर बाईला कामावर ठेवतात का, हे प्रश्न बाईच बाईला विचारू शकते.

ही दुहेरी वही कारखानदार का चालवतो? लोभाने, हे सोपं उत्तर आहे आणि काही ठिकाणी तेच खरंही आहे. जादा तासांचे पैसे बुडवायला दुसरं मस्टर ठेवणारे आहेत. त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण पैसे पूर्ण देऊनही तास लपवणारे कारखाने कमी नाहीत, आणि ते कोड्यात टाकतात. कामगाराला जादा दर दिला, त्याने सही केली, मग लपवायचं कशाला? कारण अहवालात ‘७८ तास’ हा आकडा गेला तर लाल शेरा येतो, आणि लाल शेरा घेऊन पुढच्या हंगामाची ऑर्डर मागायला कुणाला आवडत नाही.

असे तास येतात कुठून ते एका साध्या हिशेबात दिसतं. समजा ६०,००० नगांची ऑर्डर आहे आणि कारखान्याची क्षमता तासाला १०० नग. म्हणजे ६०० तासांचं काम. दिवसाला दहा तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर बरोबर ६० तासांचा आठवडा आणि दहा आठवडे. ऑर्डर घेताना हिशेब अगदी नियमात बसलेला असतो. मग बायरच्या डिझायनरला बटणाचा रंग आवडत नाही. सॅम्पल परत जातं, पुन्हा येतं, मंजुरीला तीन आठवडे उशीर होतो. शिपमेंटची तारीख मात्र जागची हलत नाही, कारण दुकानात माल लागायचा दिवस ठरलेला आहे. उरले सात आठवडे. सगळे रविवार धरले तर ४९ दिवस, रोज सव्वाबारा तास, आठवड्याला जवळपास ८६. तारीख चुकली तर विमानाने माल पाठवायचा खर्च कारखान्याचा, नाहीतर बिलात कपात. एक वाट आणखी असते. निम्मा माल गुपचूप बाहेरच्या छोट्या शेडमध्ये शिवून घ्यायचा, जिथे कुठलाच ऑडिटर कधी पोचत नाही. नियमाने जगण्यासाठी काम तिथे ढकललं जातं, जिथे नियमच नाहीत. मस्टरवर ६० तास दिसतात, तेही खरेखुरे, आणि उरलेलं काम कुणीतरी दुसराच, त्याहून वाईट हालात करत असतो.

आणि गंमत अशी, की मंजुरीला उशीर करणारा विभाग आणि ६० तासांवर बोट ठेवणारा विभाग एकाच कंपनीत, बऱ्याचदा एकाच मजल्यावर बसतात. खरेदीवाल्याचा बोनस दर किती पाडला यावर, आणि जबाबदारीवाल्याचा किती अहवाल स्वच्छ आले यावर. दोघांनाही एकमेकांचे ईमेल वाचायची गरज पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ८७ देशांतल्या १,४५४ पुरवठादारांच्या पाहणीत ३९ टक्क्यांनी सांगितलं होतं की उत्पादनखर्चही निघत नाही अशा दराने त्यांनी ऑर्डर घेतल्या. तोट्यात घेतलेल्या ऑर्डरीचा तोटा कुठे जिरतो? कापडाचा दर ठरलेला, विजेचा ठरलेला, बँकेचं व्याज ठरलेलं. लवचिक फक्त माणूस.

या ऑडिटांचा जन्म कसा झाला ते आठवलं तर हा विरोधाभास नवल वाटायला लावत नाही. लीव्हाय स्ट्रॉसने १९९१ मध्ये पुरवठादारांसाठी आचारसंहिता काढली. बूट बनवणाऱ्या नायकेचे संस्थापक फिल नाइट १९९८ मध्ये जाहीरपणे म्हणाले की त्यांचं उत्पादन गुलामीची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ यांचं प्रतीक होऊन बसलं आहे. एसए ८००० मानक १९९७ चं, ब्रिटनचं एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह १९९८ चं, युरोपीय आयातदारांची बीएससीआय ही तपासणी व्यवस्था २००३ ची. म्हणजे साधारण दहा-बारा वर्षांत, सरकारी कामगार निरीक्षकाने करायचं काम खाजगी संस्थांकडे आलं. त्यामागची चिंता सुरुवातीपासून दुहेरी होती: कामगाराचे हाल आणि ब्रँडची अब्रू. दोन्ही एका दिशेला असतात तोवर सगळं सुरळीत. जिथे त्या फुटतात, तिथे कोण जिंकतं ते दोन वर्षांत जगाने पाहिलं.

कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. आग लावण्यात आली होती, असा निकाल पुढे न्यायालयाने दिला. पण काडी कुणी ओढली हा एक प्रश्न आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर प्रमाणपत्र देणाऱ्याने तीन-चार आठवडे आधी लिहून ठेवलेलं असायला हवं होतं. मग २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा. आठ मजली इमारत कोसळली, १,१०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते; इमारतीतली बँक बंद झाली, कपड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पुन्हा आत बोलावलं गेलं. त्यातल्या काही कारखान्यांची सोशल ऑडिटं आधी झालेली होती. ऑडिटवाल्यांचं म्हणणं असं, की इमारतीचं बांधकाम तपासणं आमच्या कक्षेत नव्हतं. कागदावर ते बरोबर आहे. पण तडा दिसल्यावर ‘आम्ही आत जाणार नाही’ म्हणण्याची ताकद कामगारांत आहे का, हे तर कक्षेत होतं. संघटना करण्याचा हक्क प्रत्येक आचारसंहितेत असतो. तपासताना त्याच्यापुढे काय लिहिलेलं असतं? ‘कामगार समिती अस्तित्वात आहे, बैठकीचे इतिवृत्त पाहिले.’ समितीतली नावं व्यवस्थापकाने निवडली की कामगारांनी, हे विचारायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास क्वचितच कुणाकडे असतो.

राणा प्लाझानंतर लगेच, मे २०१३ मध्ये, कारखान्यांच्या इमारती आणि आगीपासूनची सुरक्षा यांसाठी बांगलादेश अकॉर्ड हा करार झाला. त्याच्यावर दोनशेहून जास्त कंपन्यांनी आणि कामगार संघटनांनी सह्या केल्या. स्वतंत्र अभियंत्यांनी १,६०० हून अधिक कारखाने पाहिले, अहवाल सगळ्यांना वाचायला खुले ठेवले. आणि करार कायद्याने बंधनकारक होता. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एक कलम: दुरुस्ती कारखान्याला परवडेल अशा व्यापारी अटी ठेवण्याची जबाबदारी बायरवर टाकलेली होती. म्हणजे तपासणी आणि खरेदी यांची गाठ पहिल्यांदा लेखी बांधली गेली. आग आणि इमारत एवढ्यापुरतीच, पण बांधली गेली.

ऑडिटरची फी कोण देतं, हाही किरकोळ प्रश्न नाही. आज बऱ्याच ठिकाणी ती कारखानाच देतो, आणि कुठली संस्था बोलवायची तेही मान्यताप्राप्त यादीतून तोच ठरवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १७,००० ऑडिटांच्या एका अभ्यासात दिसलं की फी कारखाना देत असेल तर ऑडिटरला उल्लंघनं कमी सापडतात. तोच ऑडिटर त्याच कारखान्यात पुन्हा गेला तरी कमी सापडतात. पथकातले सगळे ऑडिटर पुरुषच असले तरीही. यातलं एकही अनुमान कुणाला धक्का देणारं नाही, पण आकड्यांत दिसणं वेगळं. याहून बोलका प्रयोग आपल्या शेजारी गुजरातेत झाला, प्रदूषणाच्या ऑडिटचा. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ४७३ कारखाने घेतले. काहींमध्ये जुनीच पद्धत ठेवली: कारखान्याने ऑडिटर निवडायचा, पैसे द्यायचे. बाकीच्यांत ऑडिटर चिठ्ठ्या टाकून ठरवला, फी एका सामाईक निधीतून ठरावीक दिली आणि काही मोजण्या दुसऱ्या पथकाकडून उलटतपासल्या. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या म्हणण्याप्रमाणे चिमणीतल्या धुळीची मर्यादा ७ टक्केच कारखाने ओलांडत होते. उलटतपासणीत ते ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत अहवाल खऱ्याच्या जवळ आले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. तीच माणसं, त्यांचं शिक्षण तेच, यंत्रंही तीच. बदललं ते फक्त ऑडिटर कोण निवडतो, पैसे कुणाच्या हातून येतात आणि त्याचं काम कुणी उलटतपासतं का, हे. सोशल ऑडिटमध्ये हे करायला काय हरकत आहे, याचं पटण्याजोगं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. बायरांच्या संघटना आहेत, सदस्यांची वर्गणी आहे, ऑडिटरांच्या याद्या आहेत. निधी एकत्र करून चिठ्ठ्या टाकायला कुणी अडवलेलं नाही.

यावर कारखान्यातला माणूस म्हणेल, तुम्ही लिहिता छान, पण उद्या मी खरं मस्टर दाखवलं तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाईल. जाऊ शकते. हे मी गोड करून सांगणार नाही. पण नियमांची पुस्तकं नीट वाचली तर एक गोष्ट दिसते, जी घाबरलेल्या व्यवस्थापकाच्या लक्षात येत नाही. स्मेटामध्ये पास-नापास असा निकालच नसतो. निरीक्षणं असतात आणि ती सुधारायची मुदत असते. बीएससीआयमध्ये ए ते ई अशा श्रेणी आहेत. तास जास्त निघाले तर श्रेणी घसरते, सुधारणांचा आराखडा लागतो, पुन्हा तपासणी होते. पण कागद मुद्दाम खोटे केल्याचं उघड झालं, किंवा ऑडिटरच्या खिशात पाकीट सरकवलं, तर प्रकरण थेट शून्य सहनशीलतेच्या यादीत जातं, बालमजुरी आणि वेठबिगारीच्या पंक्तीत. म्हणजे पुस्तकातल्या शिक्षेप्रमाणे ७८ तास हा आजार आणि दुसरं मस्टर हा गुन्हा. तरीही बाजारात दुसरं मस्टरच स्वस्त पडतं, कारण ते पकडलं जाण्याची शक्यता कमी आणि ७८ तासांवर रागावणारा बायर समोर हजर. ही किंमत उलटी करणं कारखान्याच्या हातात नाही, ते बायरनेच करायचं आहे. खरे तास दाखवणाऱ्याला ते हळूहळू खाली आणायला वर्षभर मुदत आणि त्या वर्षभराची पक्की ऑर्डर द्या, मग बघा किती मस्टरं एक होतात.

तोवर कारखान्याने काय करावं? तयारी करावी, पण दुसरी. खरे तास लाइननुसार, महिन्यानुसार काढून ठेवावेत आणि शेजारी कारण लिहावं: मंजुरी उशिरा, वीज गेली, मशीन बंद, की आपलंच नियोजन चुकलं. हे शेवटचं कारण बऱ्याचदा खरं असतं, बायरला दोष देऊन तिथून सुटता येत नाही. तासाला १०० नगांची क्षमता सांगून ऑर्डर घेतली आणि लाइन प्रत्यक्षात ८० काढत असेल, तर त्या २० नगांचा जाब विचारायचा कुणाला? कंत्राटदाराच्या माणसांचे कागद स्वतः पाहावेत. किमान वेतन आणि भविष्यनिधी यांतली सगळ्यात वाईट चोरी तिथेच असते आणि ‘तो ठेकेदाराचा विषय’ हे उत्तर आता कुणी ऐकून घेत नाही. परमुलखातून आलेल्या कामगाराने नोकरीसाठी दलालाला किती दिले ते विचारावं. हा प्रश्न बहुतेक एचआरवाले टाळतात, कारण उत्तर मिळालं तर ते पैसे परत करायची वेळ येते. समिती निवडणुकीने नेमावी. एक्स्टिंग्विशरची चिठ्ठी बदलण्यापेक्षा कुठल्याही कामगाराला बोलावून तो भिंतीवरून काढून दाखवायला सांगावं. पिन कुठली ओढायची हे किती जणांना ठाऊक आहे ते पाहिल्यावर चिठ्ठीचा अभिमान उतरतो. आणि कामगारांना पढवणं बंद करावं. पढवलेला कामगार त्या दिवशी दोन गोष्टी शिकतो: आपल्या कारखान्यात खरं बोलायचं नसतं, आणि साहेब आपल्याला घाबरतो. दोन्ही पुढे महागात पडतात.

हल्ली कायदेही येत आहेत. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तशीच निर्देशिका मंजूर केली आणि लगोलग ती ढिली करायची चर्चाही सुरू केली. अमेरिकेने चीनच्या शिनजियांग प्रांतात सक्तीच्या मजुरीने बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदीचा कायदा केला. त्या प्रांतात मोकळेपणाने तपासणी करताच येत नाही म्हणून काही नामवंत ऑडिट कंपन्यांनी २०२० मध्येच तिथून अंग काढून घेतलं होतं. ‘इथे आम्हाला खरं कळणार नाही’ हे कबूल करून काम नाकारणं, या व्यवसायात मी पाहिलेल्या प्रामाणिक गोष्टींपैकी एक आहे. पण या कायद्यांचा एक धोका दिसतो. बायर आपली सगळी जबाबदारी कागदावर पुरवठादाराच्या गळ्यात घालतो, कराराला आणखी एक परिशिष्ट जोडतो आणि जास्त ऑडिटं मागवतो. एकाच कारखान्यात वर्षाला दहा बायरांची दहा ऑडिटं, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रश्न तेच. तेवढ्या वेळात आणि पैशांत एक चांगला सुरक्षा अधिकारी वर्षभर ठेवता आला असता.

ऑडिट बंद करा, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सरकारी निरीक्षक जिथे वर्षानुवर्षं फिरकत नाही, तिथे कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन दार उघडून पाहतो, याची किंमत आत काम करणाऱ्याला विचारा. पण आज हा बाहेरचा माणूस टेबलाच्या एकाच बाजूचे कागद पाहतो. गर्दीच्या महिन्याचं मस्टर काढलं, की त्याच महिन्याच्या ऑर्डरचं पत्र, सॅम्पल मंजुरीचा ईमेल, रंग बदलल्याचा निरोप आणि दर कमी करून मागितल्याचा संदेश हेही काढायला हवेत. ते कारखान्याच्या मर्चंडायझरच्या, म्हणजे बायरशी ऑर्डरचा व्यवहार सांभाळणाऱ्याच्या, संगणकात पडलेलेच असतात, वेगळी शोधाशोध लागत नाही. सगळ्या तारखा एका पानावर मस्टरच्या तासांशेजारी छापाव्यात आणि त्या पानावर बायरच्या खरेदी अधिकाऱ्याची सही घ्यावी. सुधारणांच्या आराखड्यात कारखान्याच्या नावापुढे दहा कामं असतात, तिथे खरेदी विभागाच्या नावापुढे निदान एक तरी असावं: मंजुरीला जितके दिवस उशीर, तितके दिवस शिपमेंटची तारीख पुढे, दंड नाही.